वन्सं, तुमचं मत आणि माझा हात

वन्सं,

आज नववा दिवस. भेटायला येणारी माणसं माझ्याकडे थोड्या संशयानं पाहतात. मी त्यांना तुमच्या गोष्टी सांगते, आणि सांगता सांगता माझा आवाज चढतो, हात हलू लागतात, मी उठून उभी राहते. काल पुनावळ्याच्या आत्याबाई आल्या. डोळ्यांना पदर लावूनच त्यांनी उंबरा ओलांडला. मी त्यांना पाणी दिलं आणि सात बायकांनी तुम्हाला खुर्चीसकट उचलून थिएटरच्या पायऱ्या चढवल्या, तो प्रसंग सुरू केला. थोड्याच वेळात आत्याबाईंचा पदर खाली आला आणि त्या पुढे सरकून विचारू लागल्या, "मंग त्यो दारावरचा काय म्हनला?" जाताना मात्र ह्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "दत्तू, बायकूकडं ध्यान दे रं. तिच्या डोक्यावर परिनाम झालाय."

झालाही असेल. पण तुमच्याविषयी खालच्या आवाजात बोलणं मला साधत नाही. तुमच्या नावाबरोबर माझ्या अंगात जे उसळतं त्याला दुःख म्हणावं तर त्याचा रंग फार झगझगीत आहे. म्हणून आज सगळ्यांची जेवणं उरकून भर दुपारी लिहायला बसले आहे. निदान कागद तरी माझ्या डोक्याची काळजी करणार नाही.

मी सांगवीच्या मास्तरांची मुलगी, मराठी घेऊन एम.ए. झालेली, कवितांच्या वह्यांसकट पिंपळे गुरवच्या ह्या जुन्या गावकीतल्या घरात सून म्हणून आले. तुम्ही ह्यांच्या थोरल्या बहीण. सासर सोडून माहेरी परतलेल्या आणि चाकणच्या कारखान्यात रोज जाणाऱ्या. आईनं शिकवलं होतं तसं मी तुम्हाला 'वन्सं' म्हणून हाक मारली. हातातला डबा तसाच धरून तुम्ही थबकलात. "अगं बया! वन्सं कोन म्हनतंय आता? म्हन पन, म्हन. कानाला ग्वाड लागतंय." तेव्हापासून अठरा वर्षं मी तुम्हाला वन्सं म्हणत आले आणि तुम्ही मला मनासारखं झालं तर शुभदा म्हणालात, नाही झालं तर कवयित्रीबाई.

संध्याकाळी तुमच्या अंगाला एक वास यायचा, गरम प्लास्टिकचा आणि चिकटपट्टीच्या गोंदाचा. मोटारीच्या पोटातून दिव्यांपर्यंत, भोंग्यापर्यंत, काचांपर्यंत पोचणाऱ्या रंगीत तारांच्या जुड्या तुम्ही बांधत होता. लाल, काळी, पिवळी, हिरव्यावर पांढरी रेघ असलेली. कोणती तार कुठल्या वाटेनं जाते ते तुमच्या बोटांना पाठ होतं, जसे मला ओवीचे चरण. कारखान्यातल्या तुमच्या लाइनीचा एक नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असे आणि तुम्ही तो घरातही चालवलात: ढकला, ऐका, ओढा. तारेच्या टोकाचा कनेक्टर खोबणीत ढकलायचा, 'टक' असा आवाज कानानं ऐकायचा, आणि मग उलट ओढून पाहायचा. सुटून हातात आला तर तो बसलाच नव्हता, आवाज कितीही छान आलेला असो. गॅसचा रेग्युलेटर, दाराची कडी, लोणच्याच्या बरणीचं झाकण, सगळं तुम्ही असंच तपासत होता. माणसंसुद्धा. ह्यांनी एकदा "आक्का, उद्या नक्की नळ दुरुस्त करतो" म्हटलं, तर तुम्ही भाजी निवडता निवडता म्हणालात, "टक काय आला न्हाई मला."

आणि मग एका सकाळी लाइनीवर तुमच्या अंगठ्याखाली टक आला नाही. पुन्हा ढकललंत. नाही आला. कनेक्टर बनवणाऱ्यांना शिव्या घालतच तुम्ही त्या दिवशी घरी आलात. कनेक्टर ठीक होते. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असा तो आजार होता. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, पुढे श्वासाचे स्नायूही दमतील हेही सांगितलं. तुम्ही चित्राकडे बराच वेळ पाहिलंत. "म्हंजी माजी वायरिंगच गेली म्हना की." डॉक्टर गोंधळले. तुम्ही हसलात म्हणून मी हसले आणि जिन्यात आल्यावर भिंतीला टेकून रडले. तुम्ही तेव्हा चालू शकत होता. दोन पायऱ्या खाली जाऊन परत वर आलात आणि म्हणालात, "चल, उसाचा रस पिऊ. घसा चालू हाय तवर."

दीड वर्षात हात गेले, पाय गेले, जीभ जड झाली. हिंदी सिनेमाचं वेड तेवढं जागच्या जागी राहिलं. दर सुट्टीला एक 'पिच्चर', हा तुमचा नेम होता. चाकाच्या खुर्चीत बसल्यावरही तो मोडला नव्हता. अशात तो सिनेमा आला. डोंगरातल्या एका जुन्या हॉटेलातला खानसामा, मानेखालचं सगळं शरीर निर्जीव झालेला, न्यायालयाकडे सन्मानानं मरण्याची परवानगी मागतो. मी हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत वाचलं आणि ती पुरवणी गादीखाली लपवली. तुम्ही तिकिटांचं विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले.

"वन्सं, तिकिटं संपली हो. सगळ्या खेळांची."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातले तास घेऊन परतले तर तुमचा चेहरा खोडी काढणाऱ्या मुलीसारखा लकाकत होता.

"शुभदा, थेटर आख्खं मोकळं हाय म्हनं. सुनंदानं मोबाइलवर खुर्च्या बगितल्या. तुजी तिकिटं कुटल्या गावाची संपली गं?"

सुनंदा म्हणजे तुमच्या शेजारच्या टेबलावरची, लातूरकडची. लाइनीवरचा भोंगा जिच्या आवाजापुढे लाजायचा. तिनं खुर्च्या बघून न थांबता तुमच्या अख्ख्या लाइनीला सांगून टाकलं होतं. शनिवारी पहिली पाळी सुटली की सगळ्याजणी कंपनीच्या बसनं नाशिक फाट्यापर्यंत, तिथून थेट थिएटरला. मी आणि ह्यांनी तुम्हाला घरून आणायचं.

तो शनिवार, वन्सं! आजही डोळे मिटले की सगळ्यात आधी तो वास येतो. थिएटरच्या थंडगार हवेत लोणी लावलेल्या मक्याच्या लाह्यांचा गोडसर दरवळ, आणि त्यात अकरा बायकांच्या निळ्या कोटांना चिकटून आलेला तुमचा तो गरम प्लास्टिकचा वास. तुम्ही नाक वर करून श्वास घेतलात. "आलं माजं माहेर," म्हणालात.

दारावरच्या माणसानं सांगितलं की चाकाची खुर्ची फक्त सर्वांत पुढच्या रांगेपाशी राहील. तिथून पाहायचं तर मान मागे टाकावी लागणार, आणि तुमची मान तेव्हा आधाराशिवाय पडायला लागली होती. त्यानं नियम सांगितला, मग सुरक्षेचं कारण सांगितलं. तुमची जीभ जड झाली होती, पण चढायची तेव्हा चढायची.

"सेफ्टी आमाला शिकवतोस व्हय भाऊ? ईस वर्सं चष्मा लावून काम केलंय म्या. सुनंदे, उचला."

आणि त्यांनी उचललं! सात जणी, खुर्चीसकट. डावीकडून तिघी, उजवीकडून तिघी, मागून सुनंदा. एरवी तारा मांडायचे मोठे पाट हलवताना जसा ताल धरत तसाच धरून, एक... दोन... थांब... एक... दोन. मी पुढे पर्स आणि पाण्याची बाटली घेऊन उलट्या पावलांनी चढत होते. पडद्यावर जाहिराती सुरू झाल्या होत्या आणि त्यांचा रंगीत उजेड तुमच्या तोंडावरून वाहत होता. सातव्या रांगेशी त्यांनी तुम्हाला अलगद टेकवलं. दारावरचा माणूस मागून आला आणि चाकाखाली अडकवायला कुठूनशी एक वीट आणून देऊन गेला.

सिनेमाभर तुमचा हात माझ्या मांडीवर होता. थंड, जड, ओल्या पिठाच्या गोळ्यासारखा. खानसामा वासावरून पदार्थातलं मीठ ओळखतो त्या दृश्यात तुम्ही खुदकन हसलात. न्यायाधीश त्याच्या घरी येतात तेव्हा तुमचा श्वास थांबल्यासारखा झाला. त्याची बहीण त्याची नखं कापते, अगदी साधं दृश्य, संवाद एकही नाही. तिथे तुमच्या गालावरून पाणी ओघळलं. मी रुमाल पुढे केला. तुम्ही मान हलवलीत, म्हणजे असू दे.

बाहेर आल्यावर सगळ्याजणी गोल करून उभ्या राहिल्या. तुमच्या लाइनीची रीत मला तेव्हा कळली. सहल कुठे न्यायची, हळदीकुंकू कोणाच्या घरी, पंखा कोणाकडे फिरवायचा, सगळं तिथे हात वर करून ठरत असे. सुनंदानं डोळे पुसले आणि कमरेला ओढणी बांधली.

"हं, बोला बायांनो. जज्जानं परवानगी द्यायला पाहिजे का नको? आधी नको म्हणणाऱ्या."

माझा हात माझ्याही आधी वर गेला. सात-आठ जणींचे आणखी गेले.

"आता द्यावी म्हणणाऱ्या."

"शुभदा," तुम्ही म्हणालात, "माजा हात वर कर."

मला ऐकू आलं होतं, तरी मी "काय?" विचारलं.

"हात गं माजा. मत हाय का न्हाई मला?"

मी तुमचं मनगट धरलं आणि उचललं. कोपर वळेना म्हणून दुसरा हात खाली लावावा लागला. नको म्हणून वर गेलेला माझा हात खाली घ्यायला मला तोवर सुचलंच नव्हतं; तुमचा उचलण्यासाठी तो घ्यावा लागला. तेवढ्यात तुम्ही सर्वांना ऐकू जाईल असं म्हणालात, "तुजं नको म्हनून मोजलंय गं सुनंदानं. काळजी करू नको. दोनी धर." सगळ्या हसल्या. येणारी-जाणारी माणसं वळून पाहू लागली. मी तिथे उभी होते, तुमचं मत माझ्या दोन्ही हातांत धरून, आणि माझं मत त्याच्या अगदी विरुद्ध. इतकं जड काही मी आयुष्यात पेललेलं नाही.

घरी येताना गाडीत आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणाले, "वन्सं, त्याला वास येत होता, चव कळत होती, बाहेरचा पाऊस ऐकू येत होता. एवढं असताना माणूस मरण कसं मागतो?" मी बोलतच राहिले, रूप, रस, गंध, सगळी शिदोरी बाहेर काढली. ह्यांनी आरशातून माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. तुम्ही ऐकून घेतलंत.

"झालं कवयित्रीबाई? आता माजं ऐक. त्याला मरायचं हाय म्हनून म्या हात वर न्हाई केला. मला तर वाटतं घाई केली त्यानं. पन आख्ख्या पिच्चरमदी समदी त्याच्या डोक्यावरनं बोलत्यात. वकील बोलतोय, डाक्टर बोलतोय, भन रडतीय. त्याला कोन इचारतंय का? जज्ज इचारतो त्येवडाच. म्हनून दिलं मत." मग, "आनि त्या बहिनीला यक दिवस सुट्टी दिली न्हाई कुनी. त्येचा मला लई राग आला."

तुमची गोष्ट त्या खानसाम्यासारखी नव्हतीच, हे मला हळूहळू कळत गेलं. तुम्हाला जगण्याचा कंटाळा नव्हता. खिडकीतून दिसणाऱ्या शेवग्याला फूल आलं की तुम्ही मला स्वयंपाकघरातून बोलावून घेत होता. एकच गोष्ट तुम्ही ठरवली होती. श्वास दमला की घशाला छिद्र पाडून मशीन लावायचं नाही. "जगू की. जितकं येतंय तितकं जगू. पन मशिनीच्या शिफ्टवर न्हाई." त्यासाठी वैद्यकीय इच्छापत्र करता येतं, आपल्या वतीनं बोलणारा माणूस त्यात नेमता येतो, ही माहिती तुम्ही सुनंदाकरवी काढली होती. आणि तो माणूस तुम्ही निवडला होता: मी.

मी नाही म्हटलं. कितीदा म्हटलं, वन्सं! तुमच्या भावाला सांगा. तर तुम्ही, "दत्तू व्हय म्हनंल, आनि येळ आली की पळंल. जीव हाय त्येचा माज्यावर, म्हनून पळंल." सुनंदाला सांगा. "ती रडंल." मीही रडेन. "तू रडशील, पन रडत रडत बोलशील. कवितेच्या बाया रडत रडतच बोलत्यात न्हवं?" एवढा मोठा टोमणा आणि एवढा मोठा विश्वास एकाच वाक्यात मला दुसऱ्या कोणी दिलेला नाही. हे दोन दिवस घरात जेवले नाहीत. "आक्काला मरू द्यायचं कागदावर लिहून देऊ मी?" असं भिंतीकडे पाहून म्हणायचे. तिसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना जवळ बोलावलंत आणि तुमच्या ताटातला घास त्यांना खायला लावलात. त्यांनी खाल्ला. कागदाविषयी नंतर ते बोलले नाहीत.

नोटरी घरी आले. सुनंदा आणि शेजारच्या निवृत्त शिक्षिका साक्षीदार झाल्या. नोटरींनी प्रत्येक ओळ वाचून तुमच्याकडून हो म्हणवून घेतलं. मग मी तुमचा अंगठा शाईच्या गादीवर टेकवला. त्या निळ्या शाईला धुतलेल्या पाटीसारखा वास होता. कागदावर तुमच्या अंगठ्याच्या रेषा उमटल्या, बारीक, गोल, वीस वर्षं तारा ढकलून मधोमध झिजलेल्या.

आणि आठच दिवसांनी तुम्ही ते केलंत. मी तुमचे केस विंचरत होते. तुम्ही म्हणालात, "शुभदा, लावू दे मशिन. मला जगायचंय." मी कंगवा टाकला. वन्सं, मला काय झालं ते शब्दांत बसत नाही. मी टाळी वाजवली, तुमच्या कपाळाचा मुका घेतला, ह्यांना त्यांच्या कारखान्यात फोन लावायला धावले, कपाटातून तो कागद काढून फाडायला हातात घेतला.

"थांब."

मी थांबले.

"वढून बगितलं म्या. सुटलीस की तू."

मी चिडले. ही काय थट्टा करायची गोष्ट आहे, असं मी ओरडले. तुम्ही शांत होता.

"थट्टा न्हाई. तू इचारलंस का मला, वन्सं, खरंच? का बरं बदललं? न्हाई इचारलं. तुला पायजे त्ये ऐकू आलं, लागली नाचायला. उद्या मी खरंच बदललं तरी बदलू दे मला. तो हक हाय माजा. पन इचार. तीनदा इचार. आनि मी सांगीन ते कर, तुला ग्वाड लागू दे का कडू."

त्या दुपारी मी तुमच्याशी बोलले नाही. संध्याकाळी वेणी घातली तेव्हाही नाही. ते न बोललेले पाच तास मला आज कोणी परत देईल का?

मग शब्द गेले. एका आठवड्यात. सुनंदानं बाजारातून तारांचे तुकडे आणले आणि पाटीवर ओळीनं बसवले. तुमची नजर जिथे थांबेल ते तुमचं बोलणं. लाल म्हणजे पाणी, पिवळी म्हणजे कूस बदला, हिरवी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. पांढरी म्हणजे गप्प बसा. ती तुम्ही स्वतः मागून घेतलीत, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर वापरलीत. मी तुम्हाला कविता वाचून दाखवी आणि तिसऱ्या कडव्याला तुमची नजर सावकाश पांढऱ्या तारेकडे वळे. मला हसू यायचं. तुमच्या डोळ्यांत ते पोचलेलं दिसायचं.

छातीत कफ झाला म्हणून इस्पितळात न्यावं लागलं, तेव्हा वेळ आली. तिथले डॉक्टर तरुण होते, मनापासून तुम्हाला वाचवू पाहत होते. म्हणाले, आज मशीन लावलं तर अजून कितीतरी दिवस मिळतील. मी कागद दाखवला. ते म्हणाले, त्यांना आता काय वाटतं ते कळायला हवं. ते बरोबरच बोलले. मी पाटी तुमच्यासमोर धरली. 

"वन्सं, मशीन लावू?" काळी.

"वन्सं, खरंच नको? मला बरं वाटावं म्हणून नाही, तुमच्यासाठी विचारते. लावू?" काळी.

तिसऱ्यांदा विचारताना मला आतून, अगदी पोटातून वाटत होतं की तुमची नजर हलावी. तेवढी एक बोटभर, हिरव्याकडे. मी देवाला नाही, त्या तारेला विनवत होते. तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत, खूप वेळ. आणि मग काळीकडे.

मी डॉक्टरांना सांगितलं. रडत सांगितलं, पण सांगितलं. त्यांनी मान लववून तुम्हाला नमस्कार केला आणि औषधांवर तुम्ही त्या वेळेपुरत्या सावरलात. आपण घरी आलो. पुढचे दोन महिने तुम्ही मिळवलेत, वन्सं, तुमच्या स्वतःच्या श्वासावर. शेवग्याच्या शेंगा आल्या, त्यांची आमटी झाली, तिचा एक चमचा तुमच्या जिभेवर ठेवला. नजर हिरव्यावर. अजून एक. हिरव्यावर.

एक गोष्ट मात्र विचारायची राहिली. त्या नखं कापण्याच्या दृश्याला तुम्ही का रडलात? दर रविवारी मी तुमची नखं कापत होते, तेव्हा दरवेळी ओठांवर यायचं. भीती वाटायची, उत्तर माझ्याविषयी असलं तर मी कोलमडेन, नसलं तर जास्तच. रंगीत तारांनी एवढा मोठा प्रश्न सुटलाही नसता. आणि सिनेमाच्या शेवटावरून आपलं भांडण तसंच उरलं. मी अजूनही म्हणते, तो निकालाशी, न्यायालयातच संपायला हवा होता; तुम्हाला पुढचं सगळं हवं होतं. तुमची पांढरी तार मला आत्ता इथे दिसते आहे.

आता त्या सकाळचं सांगते. तुम्ही होता तिथे, तरी सांगते.

सुनंदा आणि तिघी चौघी दहा वाजताच आल्या. त्यांची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. आदल्या दिवशी त्यांनी एक नवा विनोदी सिनेमा पाहिला होता आणि तुम्हाला पाहता येत नाही म्हणून तो अथपासून इतिपर्यंत करून दाखवायला आल्या होत्या. एक बँडवाला बहिणीच्या लग्नाच्या वरातीसाठी भाड्यानं हत्ती आणतो आणि लग्नाच्या दिवशी सकाळी तो हत्ती हरवतो. सुनंदा हत्ती झाली होती. एका हाताची सोंड, पाठीवर आपल्या पलंगाची चादर. "ह्या हत्तीला काय खायला घालू बाई, मालक तर माझाच जीव खायलाय!" असं म्हणत ती खोलीभर डुलत होती. तुमचे डोळे! इतके उजळलेले मी ते बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. ह्यांनीसुद्धा दाराशी उभं राहून हसून घेतलं.

मध्यंतरापाशी तुमचा श्वास बदलला. तळाशी वाळू असलेल्या घागरीतून पाणी ओतावं तसा आवाज. घरी येणाऱ्या डॉक्टरबाईंनी असं झालं तर काय करायचं ते शिकवून ठेवलं होतं. मी पाठीमागे उशी दिली, जिभेखाली औषधाचे थेंब सोडले आणि बाईंना फोन केला. त्या निघाल्या. पण ह्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला होता आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक लावत होते. त्यांचा अंगठा नीट पडत नव्हता.

"अहो," मी म्हणाले, "नको."

"माझी बहीण आहे ती."

"हो. म्हणूनच. त्यांनी सांगितलंय."

ह्यांनी तुमच्याकडे पाहिलं. पाटी समोर नव्हती, तरी तुम्ही त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहत होता ती मी विसरणार नाही. लहान भावाला शाळेत सोडताना पाहावं तशी. त्यांनी फोन फळीवर उपडा ठेवला, पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि तुमची दोन्ही पावलं ओंजळीत घेतली.

खोलीत सगळं थांबलं होतं. सुनंदा चादर पाठीवर तशीच घेऊन उभी, सोंड हवेत. बाकीच्या रडायला लागल्या होत्या. तुमची नजर मात्र सुनंदावरून हलत नव्हती.

"सुनंदा," मी म्हणाले, "पुढं सांग."

"वैनी, कसं सांगू मी आता?"

"सांग. त्या वाट बघतायत."

आणि ती सांगू लागली, वन्सं. आवाज फुटत होता, मध्येच गाणं विसरत होती, पण ती थांबली नाही. डॉक्टरबाई येऊन दाराशी उभ्या राहिल्या आणि त्यांनीही तिला थांबवलं नाही. तुमचं डोकं माझ्या खांद्याला होतं. तुमच्या केसांना शिकेकाईचा वास होता. कुठल्या वाक्याला तुम्ही गेलात ते आम्हा कोणालाच सांगता येत नाही. मी विचारत असते त्यांना, बँडवाला पोलीसचौकीत जातो तिथे होत्या का, वरात अडते तिथे होत्या का? प्रत्येकीचं उत्तर वेगळं. सुनंदा शेवटपर्यंत गेली, मगच चादर खाली ठेवून तुमच्या उशाशी कोसळली.

तुम्हाला कुठवर ऐकू आलं ते आम्हाला ठाऊक नाही, म्हणून शेवट इथे लिहून ठेवते. मुहूर्त टळत आलेला असतो. नवरदेवाकडची माणसं रुसून परत निघालेली असतात. नवरी कोणाला न विचारता मांडवातून उठते, शालू खोचून उसाच्या शेतात शिरते आणि दोन्ही हात तोंडाशी धरून मोठ्यानं हाक मारते. ऊस हलायला लागतो. आधी एका जागी, मग सगळीकडे.

हत्ती सापडतो, वन्सं.